कान्तावतुर आणि साथीदार : माल्टी भाषेतील मंचीय गायनाचा आढावा

माल्टी भाषेत गाणाऱ्यासाठी तीन शब्द आहेत. ‘आन्नेय’ हा लोकगायक. त्याच्या नावाचे मूळ अरबी. ‘कान्तान्त’ हा रेडिओवर, स्पर्धांत आणि समारंभांत गाणारा. त्याचे नाव इटालियन वळणाचे. तिसरा ‘कान्तावतुर’, म्हणजे स्वतः शब्द लिहून, स्वतः चाल बांधून आणि बहुतेक वेळा स्वतःच गिटार धरून गाणारा. हा शब्दही इटालियनवरून आला; इटलीतच तो १९६० च्या सुमारास रूढ झाला. या आढाव्याचा विषय हा तिसरा गायक आणि मंचावर त्याच्याबरोबर वाजवणारे वादक. मात्र पहिल्या दोघांना वगळून त्याच्याकडे थेट जाता येत नाही. त्याची गिटार एकाच्या घरातून आली आहे आणि त्याचा मंच दुसऱ्याने उभा केला आहे.

माल्टा हा भूमध्य समुद्रातला ३१६ चौरस किलोमीटरचा द्वीपदेश. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ५,१९,५६२ भरली. माल्टी ही सेमिटिक कुळातली भाषा. मध्ययुगात सिसिली आणि माल्टात बोलल्या जाणाऱ्या अरबीपासून ती घडली. पुढे सिसिलियन आणि इटालियन शब्दांनी तिच्या शब्दसंग्रहाचा निम्म्याच्या आसपास भाग व्यापला आणि ब्रिटिश अमलात इंग्रजीची भर पडली. ती रोमन लिपीत, ३० अक्षरांत लिहिली जाते. ‘दिन्या’ (जग), ‘क्तिएब’ (पुस्तक), ‘म्हाब्बा’ (प्रेम) हे तिचे शब्द मराठी वाचकाच्या कानाला परके वाटत नाहीत, कारण फार्सी-उर्दूच्या वाटेने आपल्यापर्यंत आलेले दुनिया, किताब आणि मोहब्बत हे त्यांचेच भाऊबंद.

या भाषेला प्रतिष्ठा उशिरा मिळाली. न्यायालयात, सरकारदरबारी आणि सुशिक्षितांच्या बैठकीत शतकानुशतके इटालियन चाले; माल्टी ही शेतकऱ्याची, कोळ्याची आणि घरातल्या बायकांची बोली मानली जाई. १९२० मध्ये माल्टी लेखकांची संघटना स्थापन झाली, १९२४ मध्ये तिने वर्णमाला आणि शुद्धलेखनाचे नियम प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. १९६४ च्या स्वातंत्र्यानंतर माल्टी राष्ट्रभाषा झाली, पण अधिकृत भाषांत इंग्रजी तिच्या बरोबरीने राहिली. २००४ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे आणि तिथे सेमिटिक कुळातली ती एकटीच. भाषेचे सर्वात जुने उपलब्ध साहित्य पंधराव्या शतकातले, पिएत्रु काशारो याचे. नोटरीच्या जुन्या दप्तरात ते सापडले, १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज ‘कान्तिलेना’, म्हणजे गीत, या नावाने ओळखले जाते. लिखित परंपरेच्या आरंभीच गीत उभे आहे. तरीही या भाषेतली गाणी छापील पानापेक्षा गळ्यात आणि गिटारीच्या तारांवर जास्त काळ जगली आहेत.

गळ्यातल्या त्या परंपरेचे नाव ‘आना’. लिहिताना तिच्या आरंभी एक जोडाक्षर येते. मूळ अरबीतला घशातला आवाज आता नाहीसा झाला आहे, पण त्याच्या जागी स्वर लांबतो. अरबीत ‘गिना’ म्हणजे गायन. तोच हा शब्द. २०२१ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘स्पिर्तु प्रोन्त’ ही आयत्या वेळी रचलेल्या कडव्यांची जुगलबंदी. आपल्याकडच्या सवाल-जवाबाशी तिचे नाते सहज ओळखू येते. इथेही प्रतिपक्षाच्या शब्दातला धागा पकडून त्याच्यावरच तो उलटवायचा असतो आणि प्रेक्षक जाणकार असतात. ‘तल-फात्त’ ही घटनाकथा: खून, अपघात, फसलेली लग्ने, गावात घडलेले काही विलक्षण. एकच गायक ती कडव्यामागून कडवे सांगत जातो. कोर्सेअर चाच्यांनी पळवून नेलेल्या मोस्ता गावच्या नवरीची कथा या प्रकारात सर्वांना ठाऊक आहे. तिसरा प्रकार ‘ला बोर्मलीझा’, बोर्मला या बंदरकाठच्या गावावरून नाव पडलेला. त्यात आवाज फार उंच पट्टीत जातो आणि एकेका अक्षरावर स्वरांची लांब वळणे घेतली जातात.

आनाचे कडवे चार ओळींचे. ओळीत साधारण आठ अक्षरे आणि यमक दुसऱ्या व चौथ्या ओळीत. इतका साधा साचा असल्यामुळेच त्यात तत्काळ रचना करता येते. स्पिर्तु प्रोन्तच्या बैठकीला बहुधा चार गायक असतात. ते दोन जोड्यांत एकमेकांना उत्तरे देतात आणि बैठक सुमारे तासभर चालते. रविवारी सकाळी गावच्या बारमध्ये, मद्याच्या पेल्यांच्या आणि गप्पांच्या शेजारी हे चाले आणि काही ठिकाणी अजून चालते. शेवटी ‘कादेन्त्सा’ येते. तिथे प्रत्येक गायक एकापाठोपाठ एक अनेक कडवी गाऊन वाद मिटवतो. टोचून बोलावे, पण माणसाला उघडे पाडू नये, ही मर्यादा सगळ्यांना माहीत असते. ती ओलांडणाऱ्याला श्रोतेच जागेवर आणतात.

या सगळ्यात वादकांचे काम नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या कान्तावतुरच्या मंचाची गुरुकिल्ली तिथे आहे. गायकांच्या मागे साधारण तीन गिटारी असतात. एक ‘प्रीम’, म्हणजे पहिली. ती इतरांपेक्षा थोडी लहान, तिचा आवाज धारदार. बाकीच्या दोन ‘आक्कुम्पान्यामेन्त’ करतात, म्हणजे मुख्य स्वर आणि पंचम यांवरच्या स्वरसंघांचा ठेका धरून ठेवतात. बैठकीची सुरुवात गायक करत नाही, प्रीम करते. पहिला गिटारवादक काही वेळ एकटा विस्तार करतो, सूर आणि लय बांधून देतो आणि मग गळा खुलतो. प्रत्येक कडव्यानंतर गायक थांबतो आणि प्रीम पुन्हा पुढे येते. या वादनाला ‘प्रेय्येम’ म्हणतात. माल्टी संगीतशास्त्रज्ञ फिलिप च्यान्तार यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. विसाव्या शतकातला ‘इल-पूपा’ या टोपणनावाचा इन्द्री ब्रिन्कात हा गिटारवादक आजही प्रेय्येमचा आदर्श मानला जातो. गायकांप्रमाणे वादकही टोपणनावानेच ओळखले जातात.

प्रेय्येमच्या त्या तुकड्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. प्रतिपक्षाच्या गायकाला उत्तर जुळवायला अवधी मिळतो आणि श्रोत्याला नुकतेच ऐकलेले कडवे मनात उतरवायला. आनामध्ये साथ ही शब्दांना वेळ देणारी यंत्रणा आहे. कडव्याखाली अंथरलेल्या सुरांच्या चादरीपेक्षा तिचे काम मोठे आहे. माल्टी भाषेतले चांगले कान्तावतुर आणि त्यांचे वादक ओळखायचे असतील तर हीच कसोटी लावावी: दोन कडव्यांमधल्या जागेत ते काय करतात? जिथे ती जागा नुसती भरून काढली जाते, तिथे गाणे कितीही गोड असले तरी ते कुठल्याही भाषेतले होऊ शकले असते.

आनाची ही सगळी बैठक आता पुरुषांची दिसते. पूर्वी तसे नव्हते. बायका कपडे धुण्याच्या जागी आणि घरांच्या गच्च्यांवर काम करता करता एकमेकींना कडव्यांतून उत्तरे देत. बोर्मलीझाची उंच पट्टी ही मूळची बायकांच्या गळ्याची. पुढे पुरुषांनी ती गाताना त्याच उंचीला जाण्याचा अट्टहास धरला. नॉर्मा मॅक्लिऑड आणि मार्शिया हर्न्डन या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात याच विषयावर लिहिले. बारमध्ये गाणाऱ्या बाईकडे समाज वाईट नजरेने पाही, त्यामुळे सार्वजनिक बैठकीतून बायकांचा आवाज जवळपास नाहीसा झाला. माल्टी भाषेच्या गाण्याचे यात मोठे नुकसान झाले आहे. आजच्या स्त्री-गायिकांना आपली परंपरा म्हणून दाखवायला लोकगायिकांची सलग साखळी मिळत नाही. त्यांना सुरुवात कान्तान्तच्या मंचापासून करावी लागते.

ध्वनिमुद्रण १९३१ मध्ये सुरू झाले. १९३१-३२ या काळात माल्टाचे गायक आणि वादक समुद्र ओलांडून ट्युनिस आणि मिलान येथे गेले आणि तिथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भरल्या गेल्या. त्यांत आना होती, विनोदी गाणी होती, नव्या वळणाची प्रेमगीतेही होती. भाषेला अधिकृत दर्जा मिळण्याच्या दोन-तीन वर्षे आधी तिचे गाणे विकत मिळू लागले होते. या तबकड्या पुढे विसरल्या गेल्या. आन्द्रू आलामान्गो या संगीतकार-संशोधकाने त्या शोधून, स्वच्छ करून पुन्हा प्रसिद्ध केल्या. त्यामुळे आजच्या गीतकाराला आपल्या पणजोबांच्या पिढीचा आवाज प्रत्यक्ष ऐकता येतो. १९३५ मध्ये तारेवरून घरोघर कार्यक्रम पोचवणारी रेडिफ्युजन सेवा आली आणि गाण्याचे केंद्र बारमधून स्टुडिओत सरकले.

इथून कान्तान्तचा काळ. १९६० मध्ये माल्टी गीतांचा पहिला मोठा महोत्सव झाला. त्याचे नावसुद्धा इटालियन होते, कारण नमुना इटलीतल्या सान रेमो गीतमहोत्सवाचा होता. गायक समोर, मागे वाद्यवृंद, हातात काठी घेतलेला संचालक आणि बाजूला परीक्षक. गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारा आणखी वेगळा. याच व्यवस्थेतून माल्टाने युरोपीय देशांच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत पाऊल टाकले. १९७१ मध्ये डब्लिन येथे ज्यो ग्रेक यांनी ‘मारिया ल-माल्तिया’ गायले. १९७२ मध्ये एडिनबरा येथे हेलन आणि जोसेफ या जोडीने ‘ल-इम्हाब्बा’ गायले. दोन्ही गाणी माल्टी भाषेत होती आणि दोन्ही वेळा देश अठराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. दुसऱ्या गाण्याची चाल चार्ल्स कामिलेरी (१९३१-२००९) यांची होती. माल्टी लोकधून सिंफनीच्या वाद्यवृंदात नेणारे ते देशाचे सर्वात महत्त्वाचे आधुनिक संगीतकार. म्हणजे साथ कमी दर्जाची नव्हती, गाणेही कच्चे नव्हते. परीक्षकांना भाषा कळत नव्हती आणि अशा स्पर्धेत शब्दांना वेळ कोण देणार?

त्या दोन पराभवांचा परिणाम दूरवर गेला. १९७५ मध्ये भाषेचे बंधन सुटले होते. रेनातो यांनी इंग्रजीत गायले आणि देश बाराव्या स्थानी आला. मग सोळा वर्षांची विश्रांती. १९९१ मध्ये माल्टा परतला तेव्हा स्पर्धेत राष्ट्रीय भाषेचा नियम पुन्हा लागू होता, पण माल्टाची अधिकृत भाषा इंग्रजीही असल्यामुळे त्याला इंग्रजीत गाण्याची मुभा आपोआप मिळाली. १९९८ मध्ये कियारा तिसऱ्या, २००२ मध्ये आयरा लॉस्को दुसऱ्या आणि २००५ मध्ये पुन्हा कियारा दुसऱ्या स्थानी आल्या. तिन्ही गाणी इंग्रजी. लहान देशाला हे यश आवश्यक वाटले यात नवल नाही. पण देशातली सर्वात मोठी संगीत-यंत्रणा, निर्माते, दूरचित्रवाणी आणि तरुण गायक, तीस वर्षे एका परभाषेच्या तालमीत घडत राहिली, हे नाकारता येत नाही. शिवाय १९९९ पासून त्या स्पर्धेतला प्रत्यक्ष वाद्यवृंद बंद झाला आणि मुद्रित संगीतावर गाण्याची सवय सगळीकडे पसरली. गायक जिवंत, पण साथ गोठलेली. अशा साथीला थांबता येत नाही, वाटही पाहता येत नाही. कान्तावतुरने वादकांना सोबत घेऊन गाण्याला पुढे जे महत्त्व आले, त्याचे एक कारण इथे आहे.

माल्टी भाषेतले गीत या काळात मेले मात्र नाही. फ्रेडी पोर्तेली यांनी परदेशात बीट संगीताचा अनुभव घेऊन परतल्यावर गायलेली माल्टी गाणी, विशेषतः ‘व्हिवा माल्टा’, घराघरांत पोचली. १९७६ मध्ये ‘लान्या तल-पोप्लु’, म्हणजे ‘लोकांचे गीत’, हा फक्त माल्टी गीतांचा महोत्सव सुरू झाला. शब्दांकडे गांभीर्याने पाहणारा हा पहिला स्पर्धामंच आणि अनेक कान्तावतुर प्रथम इथेच दिसले. १९७९ मध्ये ब्रिटिश सैन्याचा तळ उठला आणि देशाभिमानाची लाट गाण्यांत उतरली. १९८२ चे ‘जेन्सना’ हे पॉल आबेला आणि रे माहोनी यांचे रॉक-संगीतनाट्य तिचा कळस होय. त्याची गाणी आजही लोकांना पाठ आहेत. भव्यपणा हीच त्यांची ताकद आणि तीच मर्यादा. राष्ट्राबद्दल बोलणारी भाषा त्यांनी दिली. शेजारच्या घराबद्दल, नोकरीबद्दल, तुटलेल्या नात्याबद्दल बोलणारी भाषा अजून यायची होती.

ती इटालियन कान्ताउतोरेंच्या वाटेने आली. इटलीच्या दूरचित्रवाणीचे कार्यक्रम माल्टात सहज दिसत आणि १९६० ते १९८० च्या दशकांत वाढलेल्या पिढीला इटालियन गीत मातृभाषेसारखे कळे. फाब्रित्सिओ दे आन्द्रे यांनी १९८४ मध्ये जेनोवाच्या बोलीत ‘क्रेउझा दे मा’ हा संग्रह काढला. भूमध्य समुद्रातली लहान बंदरी बोलीसुद्धा गंभीर गीताची भाषा होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. माल्टात वॉल्टर मिकालेफ आणि विन्स फाब्री यांनी कान्तावतुर हा शब्द स्वतःच्या भाषेत रुजवला. गिटार, मोजके वादक, बोलण्याच्या जवळचा आवाज आणि गावातली ओळखीची माणसे हा त्यांचा ऐवज. त्यांच्यामुळे श्रोत्याला एक नवी सवय लागली: गाणे ऐकताना गप्प बसण्याची. आनाच्या बैठकीत गप्प बसत ते जाणकार, इथे सगळेच.

२००० च्या आसपास ‘एत्निका’ या गटाने साथीच्या बाजूने दार उघडले. आन्द्रू आलामान्गो, रुबेन झाहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्मरणात चाललेली माल्टी वाद्ये पुन्हा मंचावर आणली: कातड्याच्या पिशवीची बॅगपाइप, वेताची लहान पिपाणी, बासरी, डफ, घासून वाजवायचा ढोल. यातली अनेक वाद्ये बनवणारे कारागीर जवळपास संपले होते. या गटाने लोकसंगीत जपून ठेवण्याची वस्तू मानले नाही आणि जॅझ, फ्लामेन्को, रॉक यांच्याशी त्याचा मेळ घातला. शुद्धतावाद्यांना ते खटकले. पण पुढच्या गीतकारांना त्यातून एक नवा रंगसंच मिळाला, आणि गिटारीखेरीजही माल्टी आवाज असू शकतो हे दिसले.

२००८ मध्ये ‘ब्रिक्कूनी’ या गटाचा ‘कुन्त्राबान्दा!’ हा संग्रह आला आणि २०१२ मध्ये ‘त्राबोक्क’. या गटाचा गायक आणि शब्दकार मारिओ व्हेल्ला. इथे माल्टी भाषा रस्त्यावर बोलतात तशी आली: शिव्यांसकट, इंग्रजीच्या तुकड्यांसकट आणि देशाच्या आत्मसंतुष्टतेवर उघड रागासकट. व्हेल्लाच्या गाण्यातला राग प्रेमातून येतो. ज्या समाजाला तो फटकारतो त्याच समाजाच्या बोलीवर त्याची विलक्षण पकड आहे. या प्रकारच्या मंचावर गायक आणि गट यांचे नाते बदलते. नाव गटाचे, आवाज एकाचा आणि वादक हे त्या आवाजाशी भांडणारे, त्याला टोकणारे, कधी त्याच्या पुढे धावणारे भागीदार. वाद घालणारी ही साथ स्पिर्तु प्रोन्तच्या फार जवळची वाटते, जरी तिचे बाह्यरूप रॉक आणि लोकसंगीताच्या मिश्रणाचे असले तरी.

माल्टी गाताना वादकांना भाषेचे काही खास प्रश्न सोडवावे लागतात. क्रियापदात कर्ता आणि कर्म दोन्ही सामावतात. ‘राय्तेक’ या एका शब्दात ‘मी तुला पाहिले’ हे पूर्ण वाक्य बसते, ‘हाब्बेय्तेक’ म्हणजे ‘मी तुझ्यावर प्रेम केले’. त्यामुळे ओळीत शब्द थोडे असतात, पण अर्थ दाट असतो, आणि एक शब्द हुकला की वाक्यच हरवते. शब्दांच्या आरंभी व्यंजने एकमेकांना चिकटतात. ‘आल्ब’सारख्या, म्हणजे हृदय या अर्थाच्या शब्दात सुरुवातीला घशात क्षणभर श्वास अडवण्याचा आवाज असतो आणि शेवटचा ‘ब’ उच्चारताना ‘प’ होतो. ड्रमवादकाने नेमक्या त्या क्षणी झांज मारली तर तो अडवलेला श्वास कुणालाच ऐकू जात नाही. उलट इटालियन वळणाचे शब्द स्वरान्त, गळ्याला सोपे, लांबवायला मोकळे. स्वातंत्र्यासाठी ‘हेल्सिएन’ हा सेमिटिक शब्दही आहे आणि ‘लिबेर्ता’ हा रोमान्स शब्दही. गीतासाठी ‘आन्या’ही आहे आणि ‘कान्त्सुनेत्ता’ही. पहिला जमिनीजवळचा वाटतो, दुसरा सभागृहाचा. कुठल्या ओळीत कुठला शब्द घ्यायचा हा निर्णय गीतकाराचा, पण त्याखाली तार छेडायची की थांबायचे हा निर्णय वादकाचा, आणि हे दोन निर्णय एकमेकांशिवाय होत नाहीत. म्हणूनच जो वादक भाषा जाणतो तो या साथीला अधिक योग्य, मग त्याची बोटे थोडी कमी चपळ असली तरी चालते.

वादक येतात कुठून? याचे एक उत्तर गावच्या ‘काझिन तल-बान्दा’मध्ये आहे. माल्टाच्या जवळजवळ प्रत्येक गावात संताच्या उत्सवासाठी बँड क्लब असतो, काही गावांत परस्परविरोधी दोन असतात आणि तिथे मुलांना वाद्य विनामूल्य शिकवले जाते. गावच्या या उत्सवाची २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजवता येणारी माणसे त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ. दुसरे उत्तर माल्टा फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, ज्याचा आरंभ १९६८ मध्ये मनोएल नाट्यगृहाचा वाद्यवृंद म्हणून झाला. तिसरे उत्तर हॉटेले आणि लग्नसमारंभ, जिथे गिटार, बास आणि कीबोर्डवाले पोट भरतात. क्षेत्र लहान असल्यामुळे एकच वादक आठवड्यात उत्सवाची मार्च, लग्नातली इंग्रजी गाणी आणि कान्तावतुरची मैफल वाजवू शकतो. त्यामुळे शैलींची देवाणघेवाण आपोआप होते. मैफिलीत गाण्याच्या मध्येच दोन ओळी मार्चच्या चालीत वाजल्या की श्रोत्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. गावचा उत्सव, कागदाचे तुकडे, दारूकाम सगळे त्यांच्यासमोर उभे राहते.

मंच मोजकेच आहेत. राजधानी व्हॅलेटातले मनोएल नाट्यगृह १७३१ चे. लाकडी सज्जांचे, शब्द स्पष्ट ऐकू येणारे, पण त्याचा बाज राजेशाही. त्याच शहरातले रॉयल ऑपेरा हाउस १९४२ च्या बॉम्बवर्षावात कोसळले. त्याच्या अवशेषांत २०१३ मध्ये रेन्त्सो पिआनो यांनी आखलेला उघडा रंगमंच उभा राहिला. तिथे आकाशाखाली गाणे सुंदर दिसते, मात्र शहराचा आवाज आवरता येत नाही. जुन्या तटबंदीतल्या सेंट जेम्स कॅव्हलियरमध्ये २००० पासून कलाकेंद्र आहे. लहान मैफिलीला ते फार योग्य, कारण श्रोता आणि वादक यांच्यात चार पावलांचे अंतर असते. फ्लोरिआनाच्या आर्गोत्ती बागेत आनाचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. तिथे आन्नेय आणि भूमध्य समुद्राच्या इतर किनाऱ्यांवरचे लोकसंगीतकार एकत्र येतात. बुस्केत्तच्या झाडीत जूनअखेरीस ‘इम्नार्या’ या सणाच्या रात्री आना गाण्याची प्रथा याहून कितीतरी जुनी. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘इनित्स्यामेद’ या संस्थेच्या साहित्य महोत्सवात कवी आणि वादक एकाच मंचावर येतात. माल्टी कविता आणि गीत यांतले अंतर कमी होण्यास त्याने मोठी मदत केली. तिकीटविक्रीवर मात्र कुणाचेच घर चालत नाही. बहुतेक कान्तावतुरांचा चरितार्थाचा व्यवसाय दुसराच असतो आणि एखाद्या संग्रहाची खरी आवृत्ती ही त्याची पहिली मैफल असते, कारण तिथे आलेले काही शे लोक हाच जवळजवळ संपूर्ण श्रोतृवर्ग.

गेल्या दीड दशकात तरुणांचा कल पालटला आहे. माल्टी रॅप आधी आले. झटपट यमक, टोमणा आणि प्रतिस्पर्धी या तिन्ही गोष्टी आनाने देशात रुजवून ठेवल्याच होत्या, त्यामुळे हे रूप परके वाटले नाही. माल्टाच्याच गोझो बेटावरच्या ‘द ट्रॅव्हलर्स’ या गटाने पॉप-रॉकमध्ये माल्टी शब्द सहज बसवले आणि मोठ्या मैदानांत हजारोंनी ते गायले. एडन यांचे ‘नाहसेब फीक’ रेडिओवर इंग्रजी गाण्यांच्या बरोबरीने वाजले. २०२१ मध्ये सरकारी संस्थेने ‘मूझिका मूझिका’ हा नवा माल्टी गीतमहोत्सव सुरू केला. आपल्या भाषेत गाणे म्हणजे जुनाट असणे, हा समज त्या पिढीने झटकून टाकला, आणि ही गोष्ट कुठल्याही स्पर्धेतल्या क्रमांकापेक्षा मोलाची आहे.

२०२५ ची घटना या पार्श्वभूमीवर पाहावी. मिरियाना कोन्ते यांचे युरोव्हिजनसाठी निवडलेले गाणे इंग्रजीच होते, फक्त त्यात एक माल्टी शब्द होता: ‘कान्त’, म्हणजे गायन. तो इंग्रजीतल्या एका अशिष्ट शब्दासारखा ऐकू येतो आणि गाण्याने त्या साम्याचा उपयोगही केला होता. स्पर्धेच्या संयोजकांनी तो काढायला लावला आणि शीर्षक बदलले. त्यावरची चर्चा बरीच भरकटली. पण अर्ध्या शतकापूर्वी याच स्पर्धेत पूर्ण माल्टी गीत गायले गेले होते आणि आता एक शब्दही टिकला नाही, याचे दुःख खरे आहे.

देशातला श्रोताही बदलतो आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार रहिवाशांपैकी दर पाचांत एकाहून अधिक जण परदेशी. व्हॅलेटातल्या मैफिलीत भाषा न कळणारे श्रोते आता नेहमीचेच. काही गायक दोन गाण्यांच्या मधे इंग्रजीत आशय सांगतात, काही मुद्दाम सांगत नाहीत. पहिल्या मार्गाने पाहुण्यांचा मान राहतो, पण गाण्याआधीच त्याचा अर्थ सांगून टाकला जातो. दुसरा मार्ग कठोर आहे, तरी तिथे साथीची परीक्षा होते, कारण भाषा न कळणाऱ्याला शब्दांचे वजन वादकांच्या थांबण्यातूनच जाणवते.

माल्टाबाहेर ही भाषा सर्वात जास्त ऑस्ट्रेलियात गायली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो कुटुंबे मेलबर्न आणि सिडनीला गेली आणि सोबत आना घेऊन गेली. तिथल्या क्लबांत तीन गिटारींची बैठक भरते, कडव्यांत बोटींचा प्रवास, कारखान्यातले काम आणि मागे राहिलेली आई येते. माल्टातून आन्नेय तिथे जातात, तिथले माल्टात येतात. पुढच्या पिढीला माल्टी नीट बोलता येत नाही, पण त्यांच्यातल्या काहींनी आजोबांकडून प्रीम वाजवण्याची पद्धत उचलली आहे. माल्टाच्या भेटीवर आलेला असा एखादा वादक बारमधल्या बैठकीत बसतो, पहिला विस्तार वाजवतो आणि सूर बांधून देऊन गायकाच्या पहिल्या कडव्याची वाट पाहतो.